आक्काच्या हातची पुस्तकं

निपाणीहून आलेल्या बाईचा खोकला आमच्या भागात कुणी मनावर घेत नसे. तिथल्या वखारींत तंबाखू चाळायला बसणाऱ्या बायका माहेरी आल्या तरी खोकतच असत. माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणे, निपाणीच्या सासरहून चार दिवस हवा बदलायला म्हणून शहापूरला आमच्या घरी आली आणि कट्ट्यावर बसून खोकू लागली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "वखारीची धूळ हाय. निघंल हळूहळू. गूळ खा." आक्का गूळ खात राहिली. चार दिवसांचा महिना झाला, महिन्याचा पावसाळा झाला. सासरहून न्यायला कुणी आलं नाही आणि खोकलाही गेला नाही. ही चूक आमच्याच माणसांनी करावी अशी होती. दुसऱ्या कुठल्या मुलखात तरुण बाई अशी खोकली असती, तर घरच्यांनी आठवड्यात वैद्य गाठला असता. आमच्याकडे तंबाखू होती, म्हणून आम्हाला उत्तर आधीच मिळालं होतं. तयार उत्तरासारखं वाईट काही नसतं, हे मी पुढे आयुष्यभर सभांमधून ओरडून सांगितलं. शिकले मात्र तिथं, त्या कट्ट्यावर.

आमचं घर म्हणजे पुढे मागाची खोली, मध्ये चूल आणि मागे एक अंधारी खोली. आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि दिवस उजाडल्यापासून आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे धावायचा. खट-खटाक, खट-खटाक. गल्लीत प्रत्येक घरी तोच आवाज, पण कुठलेही दोन माग एका लयीत चालत नसत. मला झोपेतसुद्धा आमचा माग ओळखू यायचा, त्याच्या प्रत्येक ठोक्यानंतर एक बारीक किरकिर असे. घरात सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास कायम भरलेला. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, नाहीतर शेंगदाण्याचा म्हाद्या. आप्पा खड्ड्यातून वर न येताच जेवायचे. आई ताट मागाच्या कडेला ठेवायची आणि आप्पा डाव्या हाताने कसलं तरी पत्रक धरून उजव्या हाताने घास घ्यायचे. आई म्हणायची, "कागदाला म्हाद्या लागला तर तेबी खावा."

आप्पांना व्यसन एकच, छापील कागदाचं. सुपारीसुद्धा नव्हती. विणलेली लुगडी व्यापाऱ्याकडे पोचवून परत येताना ते रद्दीच्या दुकानात शिरायचे. कॅम्पातली एखादी पलटण हलली, एखाद्या कारकुनाची बदली झाली, कुणी पेन्शनर वारला, की त्या घरातली पुस्तकं गाठोड्यांनी तिथं येऊन पडत. तिथून ती किराणा दुकानांत जात आणि त्यांची पानं फाडून जिऱ्यामोहरीच्या पुड्या होत. आप्पांना हे बघवत नसे. मागावर कापड संपलं की सुताचे जे तुकडे उरतात, त्या दशा ते साठवून ठेवत आणि रद्दीवाल्याला देत. त्याला त्या गठ्ठे बांधायला लागत. बदल्यात तो म्हणे, "उचला मालक, पुडीआधी जेवढं उचलाल तेवढं तुमचं." आप्पा पुस्तकं उचलत आणि पत्रकं तर मूठमूठ उचलत. विधवांनी शिकावं म्हणणारी, दारूबंदीची, परदेशी कापडाविरुद्धची, देवळं सगळ्यांना खुली करा म्हणणारी. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. त्यांचे मथळे मोठे असत आणि प्रत्येक वाक्य कुणावर तरी रागावलेलं असे. मला वाटायचं, लिहिणं म्हणजे रागावणंच. अजूनही पुरतं उतरलेलं नाही ते.

आक्का आली तेव्हा ही पुस्तकं एका लोखंडी पेटीत कशीतरी कोंबलेली होती. कुणाला पुठ्ठा नाही, कुणाला शेवट नाही, कुणाला वाळवीने मधोमध भोक पाडलेलं. कष्टाचं काम तिला झेपत नव्हतं, म्हणून ती पेटी उघडून बसली. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून तिने चिकट खळ शिजवली. फाटकी पानं पातळ कागदाने जोडली, सुईदोऱ्याने पाठ शिवली आणि वर लुगड्याच्या वाया गेलेल्या काठाचं कापड चढवलं. हिरव्या काठाचं एक पुस्तक, डाळिंबी काठाचं एक. पान उलटताना ती जिभेला बोट लावायची. एक-एक पुस्तक कट्ट्यावर मांडल्यावर गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. काही नुसत्या काठ बघायला आल्या होत्या. "हे माझ्या लग्नातल्या लुगड्याचं काठ हाय गं!" म्हणून शेजारच्या गौरव्वाने एक पुस्तक उचललं. तिची बोली कन्नड, मराठी अक्षर तिला येत नव्हतं. आक्का म्हणाली, "न्हे की. पोराकडनं वाचून घे." अशी सुरुवात झाली.

पुस्तकं घरोघर फिरू लागली. एका मागावरून दुसऱ्यावर, काही वडगावच्या विणकरांकडेसुद्धा. एक माणूस विणायचा, दुसरा शेजारी बसून मोठ्याने वाचायचा. आणि भांडणंही लगेच सुरू झाली. शाळा शिकलेले दोघेतिघे होते, ते पुस्तक एका दिवसात संपवायचे आणि दुसऱ्याच्या हातातलं ओढून न्यायचे. "तू काय, महिनाभर एकच पान चघळणार!" असं एकाने भरमाकाकांना सगळ्यांसमोर म्हटलं. भरमाकाका म्हणजे समोरच्या घरातले विणकर. पन्नाशीचे, जाड भुवयांचे, अबोल. त्यांना आमच्या कट्ट्यावर बसवून अक्षरं शिकवली ती आक्कानेच, त्याच मोठ्या मथळ्यांच्या पत्रकांवर. शब्दाखाली बोट ठेवून ते एक-एक अक्षर असं उच्चारत, जणू विहिरीतून घागर ओढताहेत. त्या टोमण्यावर त्यांनी पुस्तक देऊन टाकलं. आक्काने ते त्या शिकलेल्याच्या हातून परत घेतलं आणि भरमाकाकांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "ज्याच्या हातात हाय, त्याचं वाचून हुईपर्यंत त्याचंच. कुणी मागायचं न्हाय, कुणी घाई करायची न्हाय. लवकर वाचणाऱ्याला दुसरं मिळतं. सावकाश वाचणाऱ्यानं कुठं जायाचं?" त्या दिवसापासून हा नियम झाला. मला तो इतका आवडला की मी पाटीवर लिहून मागाच्या खांबाला टांगला.

त्या पुस्तकांत एक होतं, ज्याची पहिली पानंच गेली होती, त्यामुळे त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट होती. तिचा बाप पुरात वाहून जातो आणि ती त्याची नाव घेऊन नदीच्या मुखाकडे त्याला शोधायला निघते. आक्का ते पुस्तक शिवता शिवता वाचत होती. निम्म्यावर आली तेव्हा पुस्तक शिवून झालं होतं आणि भरमाकाकांचा नंबर लागला होता. तिने पानाचा कोपरासुद्धा न दुमडता ते देऊन टाकलं. "मुलगी वाळूच्या बेटावर अडकलीया," तिने मला सांगितलं. "म्होरं काय हुतंय ते काकांचं झालं की कळंल."

दसऱ्याच्या सुमारास तिच्या थुंकीत रक्त दिसलं. तेव्हा कुठे आप्पा तिला टांग्यात घालून कॅम्पातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा आक्का स्वतः चालत आत गेली आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा मागाच्या कडेला टेकले आणि आईला म्हणाले, "क्षय हाय म्हणे. लई उशीर केला म्हणाला." आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत आत सारलं. मग म्हणाली, "पण ती तर तंबाखूची…" आणि तिथंच थांबली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिची भांडी वेगळी ठेवा, अंथरूण उन्हात टाका, खिडकी उघडी ठेवा. पुस्तकांचं आप्पांनी आपणहून विचारलं तेव्हा म्हणाले, तीही कडक उन्हात टाका, आणि आता तिच्या हातात देऊ नका.

गल्लीत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर तीन पुस्तकं येऊन पडली होती. कुणी ठेवली ते दिसलं नाही. मग उजेडात लोक येऊ लागले. एका बाईने पुस्तक सुपात घालून आणलं आणि सूप तिरकं करून कट्ट्यावर ओतलं, केर ओतावा तसं. गौरव्वा आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने ते तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या काठाचं पुस्तक लांबून ठेवलं. मी म्हटलं, "आम्ही उन्हात टाकणार हाय गौरव्वा. मग परत न्या." तिने दोन्ही हात जोडले. "ब्याड यव्वा, ब्याड. माझी दोन लेकरं ल्हान हैत." नको बाई, नको. तिच्यावर रागावणं मला तेव्हा फार सोपं गेलं. आज गौरव्वाला मी काही म्हणत नाही. सूप तिरकं करणारीला मात्र अजून माफ केलेलं नाही, ती कधीच मेली तरी.

आप्पांनी पुस्तकं उन्हात मांडली. आमच्या गल्लीत सुताला खळ लावायची ती उघड्यावर. पहाटे खांब रोवून उभ्या सुतांचा अख्खा ताणा गल्लीभर पसरायचा, दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे फिरवत जायची आणि तो वाळेपर्यंत सगळ्यांनी कडेकडेने चालायचं. आप्पांनी त्या ताण्याच्या जागेत, खांबापासून खांबापर्यंत, सगळी पुस्तकं उघडून ओळीने ठेवली आणि उन्हाबरोबर पानं उलटत फिरत राहिले. हिरवे, डाळिंबी, पिवळे काठ. एरवी ताण्याला धक्का लागू नये म्हणून लोक जसे भिंतीला चिकटून जात, तसेच आता पुस्तकांपासून लांब जात होते. चार दिवस हे चाललं. एकही पुस्तक कुणी उचललं नाही. काही जण म्हणाले, जाळून टाका. आप्पा म्हणाले, "जाळायचं व्हतं तर दुकानातनं कशाला आणलं असतं?"

मी पत्रक लिहिलं. दुसरं काय करणार होते मी? चौदा वर्षांची होते आणि मला एकच हत्यार माहीत होतं. शाईने मोठा मथळा काढला, 'शहापूरकरांनो, लाज धरा!' आणि खाली भीतीवर, अडाणीपणावर, दिलेलं परत फेकणाऱ्यांवर एक पानभर आग ओतली. मारुतीच्या देवळाच्या खांबाला चिकटवून आले. तासाभरात आईने ते सोलून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. "तिचं नाव लिवलंस खांबावर? आता वडगावातबी कळलं. तिच्या सासरीबी कळंल." मी म्हटलं, "कळू दे! त्यांच्याच वखारीत…" आई मध्येच म्हणाली, "आक्काला इचारलंस काय?" मी विचारलं नव्हतं. आत गेले. आक्का खिडकीखाली पडून होती. हसली. "मथळा झ्याक हाय गं चंपे. पर लोकांस्नी लाज वाटून पुस्तक न्हेलं, तर ते वाचत्यात काय?" मग खोकल्याची उबळ आली आणि मला बाहेर जावं लागलं.

सगळी पुस्तकं परत आली होती, एक सोडून. भरमाकाकांनी दिलं नव्हतं. त्यांच्या बायकोने म्हणे घर डोक्यावर घेतलं होतं. ते माग सोडून उठले, पुस्तक आढ्याच्या वाशाला बांधलं आणि म्हणाले, "अजून झालं न्हाय माझं." लोक चेष्टा करू लागले. "काका, पुस्तकाच्या आधी तुम्हीच संपणार बघा!" काका दुपारी जेवून झालं की पुस्तक खाली काढत आणि दारात उजेडाला बसून बोट फिरवत.

कार्तिकात आक्का फार खालावली. तिला आवाज राहिला नव्हता, नुसता श्वास बोलायचा. एका दुपारी तिने मला दारातूनच विचारलं, "काकांचं कुठवर आलं?" मी तडक समोर गेले. भरमाकाका म्हणाले, "अजून पूर यायचाय, पोरी." म्हणजे ते आक्काच्याही बरेच मागे होते. मी म्हटलं, "काका, पुस्तक द्या. आक्काला पुढचं ऐकायचंय. मी एका दिवसात वाचून दाखवते." त्यांनी क्षणभरही वेळ लावला नाही. दोन्ही हातांनी पुस्तक पुढे केलं. मी धावत खिडकीशी आले. आक्काने पुस्तक बघितलं आणि मान हलवली. नको. "त्येंचं झालं न्हाय न्हवं."

"आक्का, नियम ठेव बाजूला. तू…" पुढचा शब्द मी गिळला.

"बोल की," ती म्हणाली. "मी मराय लागलीया. म्हणून काकांचं वढून घ्यायचं?"

मी रडत होते, ओरडत होते. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात, असं काहीतरी एखाद्या पत्रकातलं वाक्य मी तिच्या तोंडावर फेकलं. तिने माझं ओरडणं संपू दिलं आणि धापा टाकत म्हणाली, "मीच केलता न्हवं तो?" मी पुस्तक परत न्यायला वळले, तर भरमाकाका माझ्या मागेच येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, मांडी घातली आणि म्हणाले, "माझं मी वाचतो. हितं बसून वाचलं तर कुणाचं काय जातंय?"

त्या दिवसापासून रोज दुपारी ते येऊ लागले. माग बंद ठेवून, म्हणजे तेवढं कापड कमी विणून. खिडकीच्या आत आक्का, बाहेर काका आणि त्यांच्या शेजारी मी. ते जिथे होते तिथूनच पुढे वाचत गेले. "ना-वा-ड्या-नं… दो-र… सो-ड-ला." आक्काला हे सगळं पाठ होतं. पूर येणार, बाप जाणार, मुलगी नाव ढकलणार. तिला हवं होतं ते सात-आठ पानं पुढे होतं आणि काकांना एक पान दोन दिवस पुरायचं. एकदा मी कुजबुजले, "काका, ही पानं तिची झाल्यात. पुढनं वाचा." त्यांनी खिडकीकडे बघितलं. आतून श्वासाएवढा आवाज आला, "मधलं सोडलं तर काकांस्नी गोष्ट कशी कळायची?" काकांनी बोट परत जागेवर ठेवलं. जोडाक्षर आलं की ते अडायचे. मी सांगू गेले तर आक्का आतून हळूच खिडकीच्या गजावर नख वाजवायची. म्हणजे सांगू नकोस, त्यांचं त्यांना येऊ दे.

लोक मला पुढे म्हणाले की तुझी बहीण संत होती. मला तो शब्द आवडत नाही. ती हट्टी होती. निपाणीत सासरच्यांनी तिच्या हातून सगळंच ओढून घेतलं होतं, ताट, झोप, शेवटी नवरासुद्धा, आणि तिने ठरवलं होतं की आपण कुणाच्या हातून काही ओढायचं नाही. मला हे आता समजतं. पटतं का, असं विचाराल तर अजूनही नाही. मी असते तर पुस्तक घेतलं असतं.

काका बेटापाशी पोचले त्या दिवशी हवेत गारवा होता आणि ऊन स्वच्छ होतं. आईने आक्काला पेज भरवली होती, तिने एक घोट घेतला होता. पुढच्या खोलीत आप्पा विणत होते. त्यांना विणावंच लागत होतं, औषधं होती. काकांनी पुस्तक उघडलं आणि मला म्हणाले, "आज मुलगी वाळूवर येतीया बघ." मी खिडकीतून डोकावून सांगितलं, "आक्का, आलं." तिचे डोळे उघडे होते. तिने बोटं गजापर्यंत आणायचा प्रयत्न केला.

"ना-व… वा-ळू-त… रु-त-ली," काकांनी वाचलं. इथपर्यंतचं तिचं होतं. त्यांनी पान उलटलं. आता नवं होतं, तिलाही आणि त्यांनाही. त्यांचा आवाज थोडा वर चढला, कारण त्यांनाही आता कळायचं होतं. "मु-ली-नं… व-र… पा-हि-लं."

मी पानाकडे बघत होते. मला तर सगळी ओळ दिसत होती. आत आईची बांगडी खिडकीच्या चौकटीवर आपटली. मी वर पाहिलं. आईने पदर तोंडात कोंबला होता आणि माझ्याकडे बघून ती मान हलवत होती. मग ती पुढच्या खोलीकडे गेली.

आमच्या गल्लीत कुणी गेलं तर हाक घालायला माणूस फिरवत नाहीत. त्या घरचा माग थांबतो. शेजारच्याला त्याचा आवाज ऐकू यायचा बंद होतो, तो हात आवरतो, मग त्याच्या पलीकडचा. आप्पांचा माग थांबला. काका एका जोडाक्षरापाशी अडले होते, त्यांच्या ध्यानात आलं नाही. गौरव्वाच्या घरचा माग थांबला. मग कोपऱ्यावरचा, मग देवळाजवळचे. मी काकांना थांबवलं नाही. मला पहिल्यांदाच घाई नव्हती. त्यांनी ते जोडाक्षर स्वतःच सोडवलं, पुढचा शब्द घेतला, त्याच्या पुढचा घेतला, आणि बोट सरकवत वाक्याच्या शेवटापर्यंत आले. तोवर गल्लीत एकही माग चालत नव्हता, आणि काकांचं वाचणं गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.